रोवलं ते घराचं

घर विकताना सगळ्यांत मोठं भांडण किमतीवरून होतं, असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. किंमत कशीबशी ठरते, विडा दिला जातो, तोंडं गोड होतात आणि मग झोपाळ्याच्या कड्यांवरून डोकी फुटतात. कड्या विकणाऱ्याच्या आजोबांनी बसवलेल्या असतात, आणि घेणाऱ्यानं घर बघताना मनातल्या मनात त्या झोपाळ्यावर दोन झोके घेतलेले असतात. दोघांनाही त्या हव्यात. अशा वेळी मध्यस्थानं एकच सांगायचं: रोवलं ते घराचं, उचललं ते माणसाचं. म्हणजे कड्या राहतील, फळी जाईल. चाफा राहील, कुंडीतला मोगरा जाईल. हा नियम कुठल्या कायद्यात आहे मला ठाऊक नाही. माझ्या आधीचे दलाल सांगत, म्हणून मी सांगत आलो, आणि धार-देवासला तो सगळे पाळत.

एका बापूसाहेबांना भिंतीतली एक खुंटी हवी होती. तिच्यावर त्यांचे वडील पगडी ठेवत. मी म्हटलं, बापूसाहेब, खुंटी भिंतीत रोवलेली आहे. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. घर सोडताना मात्र त्यांनी खुंटीला नमस्कार केला, नव्या मालकाला म्हणाले, "इस पे गीला कपडा मत टांगना, भिया," आणि निघून गेले. नवा मालकही भला माणूस. त्यानं पुढे त्या खुंटीवर काहीच टांगलं नाही.

मी धारचा. वडील दरबारात कारकून होते आणि मीही कारकून व्हावं अशी त्यांची इच्छा होती. माझं अक्षर बघून दरबारानंच ती पुरी केली नाही. घरांची दलाली करणार म्हटल्यावर वडील म्हणाले, "मांडूला एवढे महाल ओस पडलेत. जा, तिथं कर दलाली, गिऱ्हाईक मिळेल वटवाघळाचं." मी मांडूला गेलो नाही. धार आणि देवास या दोन गावांत माझं आयुष्य गेलं, कारण या दोन दरबारांत आपली मराठी माणसं सारखी इकडून तिकडे जात. नोकरी बदलली की घर बदले, आणि घर बदलायचं म्हटलं की मी लागे.

देवासची गंमत बाहेरच्यांना सांगावी लागते. तिथं एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू एकाची, तर समोरची दुसऱ्याची. स्टँपाचा कागद वेगळा, कचेरी वेगळी. थोरल्या पातीतल्या एका कारकुनाला समोरच्या ओळीतलं घर फार आवडलं होतं. त्याच्या आईनं साफ नाही म्हटलं. "अन्न इकडचं खायचं आणि झोपायला परमुलुखात जायचं?" मधे रस्ता होता तो बैलगाडी वळेल एवढा. तो कारकून पुढे पुष्कळ वर्षं ओसरीवर बसून त्या परमुलुखाकडे बघत असे.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, तोवर गाठीच्या तापाची साथ आली.

साथीनं माणसं नेली, तसा घरांचा बाजारही उलटापालटा केला. तोवर चांगलं घर म्हणजे गावाच्या मध्यावर, भिंती हातभर जाड, खिडक्या जवळजवळ नाहीतच, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती चिकटलेल्या. दरोड्याच्या भीतीनं तशी घरं बांधलेली. मी गिऱ्हाइकाला भिंतीवर थाप मारून दाखवी. साथीनंतर भिंतीवर थाप मारली की लोक दचकून विचारत, "यात उंदीर तर नाहीत?" घर बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न दिशेचा नसे, शेजाराचा नसे. "इथं उंदीर मरून पडला होता का?" हाच. ज्यांच्याकडे पैसे होते ते गावाबाहेर मोकळ्या जागा बघू लागले. गावातल्या ज्या घरांत माणसं गेली ती घरं तशीच राहिली. सरकारनं ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवलेली, दारावर खूण केलेली. त्यांना फुकटही कोणी घेईना.

त्या घरांच्या मालकांकडे दुसरं काही नव्हतं. कर्ता माणूस गेलेला, आणि राहिलेल्या बायकामुलांच्या हाती ते घर. रोज कोणीतरी माझ्या ओसरीवर येऊन बसे. मी काय करणार?

तोड सुचवली ती धारच्या एका माळवी शेटजींनी. तसं एक घर मी त्यांच्या गळ्यात मारू बघत होतो. चुना झाला होता, कौलं परत चढली होती, कडुनिंबाची धुरी झाली होती, कडक उन्हाळा घरातून आरपार गेला होता. मी हे सगळं सांगितलं. शेटजी शांतपणे म्हणाले, "रामभाऊ भिया, बात तमारी सांची. पण पेलां तम रई ने बताव. तमारे कई नी होयगो, तो हूँ लई लूँगा."

आधी तुम्हीच राहून दाखवा, हे शेटजींचं म्हणणं मी घरी येऊन चेष्टा म्हणून सांगितलं. आमचं कुटुंब भाकरी थापत होतं. आमच्या पिढीत बायकोचं नाव उखाण्यापुरतंच घ्यायचं, पण इथं घेतल्याशिवाय चालणार नाही. जानकी. ती म्हणाली, "मग राहू की. पण आधी मी बघेन, मग सांगेन."

असा आमचा धंदा सुरू झाला, घर वसवून देण्याचा. साथ ओसरून एक उन्हाळा गेलेल्या घरात आम्ही दोघं आणि आमची लेक यमू राहायला जायचो. दारात रांगोळी, वाळत घातलेली लुगडी, अंगणात खेळणारं पोर, संध्याकाळी दिवा. दोन-तीन महिन्यांत गल्लीची भीती मोडे आणि गिऱ्हाईक येई. घर विकलं की आम्ही पुढच्या घरात. लोक मला "बसाने वाले भिया" म्हणत आणि मला त्याचा अभिमान वाटे. वाटावाच. गावातल्या मेलेल्या गल्ल्या आम्ही जिवंत केल्या, असं मी आजही म्हणतो.

पण कोणत्या घरात जायचं ते जानकी ठरवी. तिची रीत साधी होती. रिकाम्या घरात एकटी जाऊन चूल पेटवायची आणि धूर कुठं जातो ते बघत बसायचं. धूर वर जाऊन निघून गेला तर "राहू". घोटाळत राहिला, कोपऱ्यात बसला, तर "नको". त्या घराला आधी खिडकी पाडायला लागे, किंवा ते सोडून द्यावं लागे. गिऱ्हाइकांसमोर हवा, उजेड यावर मी तासभर बोलू शके. ती चुलीपुढं बसून तेच बघून घेई.

तिच्या बिऱ्हाडात एकच जड वस्तू होती, माहेरचं दगडी उखळ. घराघरात उखळ जमिनीत रोवलेलं असतं, कडा तेवढी वर. रोवलं तरच ते घाव सोसतं. आमचं मात्र कधी रोवलं नाही, कारण चार महिन्यांनी परत उपटायचं कशाला? आणि रोवलं की माझाच नियम आड येणार. म्हणून ते कापडाच्या चुंबळीवर ठेवायचं, एका पायानं दाबून धरायचं आणि मुसळ घालायचं. मसाला कांडताना ते डुगडुगे, कलंडे. जानकी कधी कुरकुरली नाही. फक्त एकदा मिरच्या सांडल्या तेव्हा म्हणाली, "ह्याला आणि मला एकदा कुठंतरी बसू द्या." मी हसलो. ती हसली नाही.

देवासला टेकडीच्या पायथ्याच्या बाजूला, धाकट्या पातीत, आबांचं घर होतं. आबा दरबारातून निवृत्त झालेले. साथीत त्यांचा मुलगा आणि सून दोघंही गेली. लेक धारला दिलेली. आबा तिच्याकडे जाऊन राहिले होते. जावई भला होता, पण आबांच्या पिढीत जावयाच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यायचे. ते मला म्हणाले, "रामभाऊ, घराचे जे येतील ते हाताशी असले तर मी त्या घरात ताठ मानेनं जेवीन. एवढं कर." मग थोडं थांबून म्हणाले, "दसऱ्यापर्यंत कुणी आलं नाही तर तूच ठेव. देशील ते घेईन. तुझं कुटुंब राहतंय तिथं, मला बरं वाटेल."

ही गोष्ट मी जानकीला सांगितली. सांगायला नको होती की काय, कोण जाणे.

आम्ही अक्षय्य तृतीयेनंतर तिथं राहायला गेलो. लहानसंच घर. ओसरी, माजघर, पलीकडे एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि परसात पेरूचं झाड. मुलगा गेल्यावर आबांनी मागच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली होती. उशिराच, पण पाडली होती. चुलीचा धूर त्या खिडकीतून असा निघून जाई, जणू कुणीतरी बाहेरून हाक मारतंय. जानकी पहिल्या दिवशी चुलीपुढं बसली ती बराच वेळ उठलीच नाही. मी विचारलं, "काय ठरलं?" म्हणाली, "राहू." पण नेहमीच्या आवाजात नाही.

नागपंचमी होऊन गेल्यावर एका दुपारी मी घरी आलो, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिनं जमीन खणलेली. शेजारच्या मोलकरणीला हाताशी घेऊन उखळ खड्ड्यात बसवलं होतं, कडेनं माती ठोकून वरून सारवत होती. मी दारात उभा राहिलो. तिनं वर पाहिलं नाही. नियम तिला माझ्याइतकाच पाठ होता. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा दोन्ही हातांनी मुसळ धरून कांडलं आणि तो आवाज मला ओसरीवर ऐकू येत होता. मला फार बरं वाटलं. दसरा जवळ येत होता, गिऱ्हाईक नव्हतं आणि मी मनातल्या मनात आबांना काय द्यायचं याचा विचार करू लागलो होतो.

पितृपक्ष लागला. पितृपक्षात कोणी घर बघत नाही. जानकीनं परसात घोसाळ्याचा वेल चढवला.

आणि त्याच पितृपक्षात एका सकाळी मास्तर आले. धारहून देवासच्या शाळेत नोकरीला आलेले, तरुण, चष्म्याचे. बरोबर त्यांची पत्नी गोदावरी. मास्तर म्हणाले, "व्यवहार घटस्थापनेला करू. नुसतं बघायला पितर नाही म्हणायचे नाहीत." त्यांना ओसरीवर बसवून मी हवा-उजेडाचं पुराण लावलं. गोदावरी आत गेली. स्वयंपाकघराची खिडकी परसात उघडते. परस दाखवायला म्हणून मास्तरांना मागं नेलं, ते पेरूकडे बघत राहिले, आणि आतलं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"इथं माणसं गेली म्हणे."

"गेली. मुलगा आणि सून. पलीकडच्या खोलीत."

मी कपाळावर हात मारणार होतो. मग आठवलं, की माझं नुकसान त्यात काहीच नाही. गिऱ्हाईक गेलं तर घर आमचंच.

गोदावरी म्हणाली, "माझं पहिलं साथीत गेलं. आता हे..." आणि थांबली. ती दोन जिवांची आहे हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. "म्हणून विचारते. यांचं काय, दिसेल ते घर घ्यायला निघालेत. पण लोक म्हणतात, तुम्हाला दाखवायलाच ठेवतात घरात. मग तुम्ही चांगलं म्हणालात तरी मी ते कसं धरू? राग नका मानू."

"राग कसला," जानकी म्हणाली. "खरंच आहे ते. माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस."

मला वाटलं, संपलं. आता ती बाहेर येऊन नवऱ्याला नको म्हणणार. मला आनंद झाला. तो झाला, हे लपवून काय करू?

मग गोदावरीचा आवाज आला, जरा खालून, बसून बोलल्यासारखा. "हे उखळ घराचंच का?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. नुसतं "हो, आबांचं" म्हणायचं होतं. त्यात कुणाचं वाकडं झालं नसतं. त्या दोन शब्दांवर आमचं घर उभं होतं आणि जानकीला ते माझ्याहून जास्त कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "माझं आहे. माहेरचं."

"तुमचं? मग रोवलंत?"

"हो. श्रावणात."

"विकायच्या घरात कुणी आपलं उखळ रोवतं का, ताई?"

जानकीला स्वतःलाच इथं राहायचं होतं, हे त्यात आलं. गोदावरी बाहेर आली, परसात नवऱ्याजवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, हेच घ्या."

ज्या उखळानं जानकीला घरात बसवायचं, त्यानंच घर विकलं. मी इतकी वर्षं तोंड चालवून जे करत होतो, ते तिथं कोपऱ्यात न बोलता झालं. रात्री मी तिला म्हटलं, "दोन शब्दांचा तर प्रश्न होता." ती म्हणाली, "पोटावर हात ठेवून विचारलं हो तिनं. आणि तिकडे आबा जेवताना मान खाली घालून बसलेत." मग म्हणाली, "घर चांगलंय हे मला माहीत आहे ना? मग तिला का नको?" आणि तोंड फिरवून झोपली. झोपली नव्हती.

घटस्थापनेला व्यवहार झाला. आबा कागदावर सही करायला धारहून आले होते, मास्तरांच्या पाठीवरून हात फिरवून गेले. दसऱ्याला आम्ही घर सोडलं. गाडीत सामान चढलं तेव्हा गोदावरीनं मास्तरांना पुढं केलं. मास्तर म्हणाले, "रामभाऊ, उखळ खणून देतो. तुमचं आहे ते."

मी लगेच हो म्हणणार होतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला माझा नियम मोडायचा होता. जानकी आतून आली. म्हणाली, "रोवलं ते घराचं, मास्तर. ह्यांनी जन्मभर लोकांना तेच सांगितलं, खुंटीसुद्धा नेऊ दिली नाही. आता आमच्यापुरतं वेगळं कसं?" मग तिनं भिंतीला टेकवलेलं मुसळ उचललं, चुंबळ हातात अडकवली. "हे मात्र उचललेलं आहे," म्हणाली आणि गाडीत चढली.

पुढे आणखी काही घरं आम्ही वसवली. नवं उखळ घेऊ म्हटलं, तर नको म्हणाली; शेजारणीच्या उखळात आपलं मुसळ घेऊन कांडायला जाई. दोनदा मी घर आमच्यासाठी म्हणून बघितलं. दोन्ही वेळा ती चूल पेटवून बसली, धूर बघितला आणि उठून म्हणाली, "नको." दुसऱ्या घराचा धूर चांगला जात होता, मला दिसत होता. मी वाद घातला नाही.

मग काळ बदलला. गावाबाहेर ओळीनं खिडक्यांची घरं उठली, पत्र्याची छपरं आली. उंदराचं कुणी विचारेना. घर वसवून घ्यायची कुणाला गरज राहिली नाही, आणि आम्ही धारला भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन स्थिर झालो. आबाही गेले, शेवटपर्यंत ताठ मानेनं जेवले, असं त्यांची लेक सांगते.

त्या घरात गोदावरीला मुलगी झाली होती. दुर्गा. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं आणि देवासहून निरोप आला, की मुहूर्ताची हळद कांडायला ताईंनीच यायचं. "उखळ तुमचं इथं आहेच. मुसळ घेऊन या."

आम्ही गेलो. मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधलं, सवाशिणींनी हात लावला, आणि जानकीनं पहिला घाव घातला. उखळाची कडा घासून गुळगुळीत झाली होती. मी त्या खिडकीबाहेरच उभा होतो, पेरूखाली, आणि तो आवाज ऐकत होतो. माझे डोळे भरून आले. आयुष्यात विकलेल्या एकाही घरासाठी आले नव्हते.

निघताना गोदावरीनं तिचे हात धरले. म्हणाली, "ताई, मुसळ इथंच ठेवा ना आता. जोडी राहू दे."

जानकीनं मुसळावरची पानं सोडवली, हळद पदरानं पुसली. "नाही ग बाई," ती म्हणाली. "घर दिलं, उखळ दिलं. हे नाही द्यायची."

आणि मुसळ आडवं मांडीवर घेऊन टांग्यात बसली. टांगा नाक्याशी आला. मी विचारलं, "धूर बघितलास?"

"बघितला," ती म्हणाली. "अजून तसाच जातो."